पांढरा कुठंय

जालना,
दि. ९ फेब्रुवारी २०२५

प्रिय अंगद,

सौ. रूपालीवहिनींना आधी नमस्कार, कारण हे पत्र तुला त्याच वाचून दाखवणार. वहिनी, अक्षर गिचमिड आहे, सांभाळून घ्या. शहागडला अजून थंडी असेल, नदीकाठच तो. इकडे दुपारी पंखा लागायला लागला. गेल्या आठवड्यात परतूरला तुझ्या आईला भेटून आलो. कौसल्याकाकूंच्या पायाची सूज उतरली आहे. त्यांनी मला चहा दिला. कप विसळून ठेवला आणि आत निघून गेल्या.

हे सगळं मी फोनवर बोलून पाठवू शकलो असतो. पण बोलायला लागलो की मी खोटंसुद्धा गोड बोलतो, हे तुला पाचवीपासून माहीत आहे. लिहिताना ते जमत नाही. म्हणून पत्र.

माझं बरं चाललंय. पुण्याचं ते चॅनल परदेशातल्या टेबल-पूलच्या व्यावसायिक मॅचेस मराठीतून दाखवतं, त्यांची कॉमेंट्री मी इथूनच करतो. दार लावतो, खिडकीवर गोधडी टांगतो, म्हणजे रिक्षांचा आवाज आत येत नाही. लोक नावाजतात. "मच्छिंद्रभाऊ खेळाबरोबर माणूस दाखवतात," असं कुणीतरी परवाच लिहिलं होतं. त्या दिवशी मी ताट तसंच सारलं.

कॉमेंट्री मला शिकवलीस तू. मी कुस्तीच्या फडात भोंग्यावर पुकारणारा. राजूर म्हणू नको, परतूर म्हणू नको, बोलावतील तिथं जाऊन घसा फोडायचा. तू मला टेबलाशी उभं केलंस आणि म्हणालास, "मच्छ्या, ही कुस्ती न्हाई. बॉल पडल्यावर काय, पोरंसोरं बी सांगतेत. पडायच्या आधी सांग. हा गडी हाच बॉल का मारून राह्यला, मारल्यावर स्टिकचा पांढरा बॉल कुठं थांबवणार, ते सांग. अन् मी वाकलो की तू गप. बिलकुल गप." तेवढ्या भांडवलावर मी आज पोट भरतो. जगभरचे कॉमेंटेटर ऐकले रे, यापेक्षा जास्त कुणाला काही येत नाही. बऱ्याच जणांना तर गप बसणंच येत नाही.

तुझ्या त्या फायनलबद्दल मी तुला आजवर एकच सांगत आलो, की सवय नडली. फडात पैलवानाचं दुखणं पुकारायचंच असतं. "पठ्ठ्याचा गुडघा सुजलाय, तरी उतरलाय बघा!" म्हटलं की टाळ्या पडतात, इनाम वाढतं, पैलवानाची मान ताठ होते. तेच तोंडात बसलेलं. काकासाहेबांच्या पूलच्या हॉलमध्ये तुझा शेवटचा, आठ नंबरचा बॉल उरला होता, तो पडला की मॅच तुझी; तू वाकला होतास, आणि मी माईकवर बोललो, "मंडळी, अंगदला डाव्या डोळ्यानं दिसत नाही. लहानपणापासून दिसत नाही. म्हणूनच तो मान अशी तिरपी धरतो." हॉल केवढासा तो. तू सरळ झालास, माझ्याकडे पाहिलंस. स्टिकला चॉक लावलास, पुन्हा वाकलास, आणि आठ नंबर पॉकेटच्या तोंडाशी येऊन थांबला.

मॅच गेली त्याचं काही नाही, मॅचेस जातात. पण तुझी शाळेची व्हॅन गेली. ते बोलणं मोबाइलवरून मुलांच्या आईबापांपर्यंत पोचलं आणि सोमवारी मालकानं चावी काढून घेतली. मुलांच्या जिवाचा प्रश्न होता, उघड झालं ते बरंच झालं, अशी मी मनाची समजूत घालून पाहिली. आईबापांचं चुकलं असं अजूनही म्हणत नाही. पण मी काही मुलांसाठी बोललो नव्हतो. पुढं तू लोखंडाच्या कारखान्यात लागलास आणि तापलेली सळई आली ती डावीकडून. जो डोळा चांगला होता तोच गेला.

पाचवीपासून मी तुझ्या डाव्या हाताला चालायचो. बाजारात बैल आला, हातगाडी आली, की तुझा दंड दाबायचो. वर्गात कुणाला कळू नये म्हणून बाकावरही डावीकडे बसायचो. अख्ख्या परतुरात ते काकूंना आणि मला माहीत होतं. लग्न ठरताना तू ते वहिनींना सांगितलंस, तेव्हाही मी डावीकडेच बसलो होतो.

मंगळवारी वहिनी इथल्या बसस्टँडवर भेटल्या, तुझी औषधं घेऊन निघाल्या होत्या. मला वाटलं, तोंड फिरवतील. त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, हे रोज दुपारी तुमचा आवाज लावून बसतेत. मी म्हणलं बंद करा, त्यानंच घात केला. तर मलाच रागावले. म्हणले, मच्छ्याची चूक झाली, त्याची सवयच तशी, मुद्दाम न्हाई बोलला. मंग मॅच संपली की एकच कुरकुर, बडबडतो लई, पण पांढरा कुठंय ते सांगत न्हाई." एवढं बोलून त्या बसमध्ये चढल्या. 

तू माझी बाजू घेऊन बायकोला रागावलास. ते मला सोसवत नाही.

वहिनी, आता पुढचं गाळू नका. आवाज बसला तर पाणी प्या, पण वाचा.

सवय नडली हे खोटं आहे. ते वाक्य मी त्या दिवशी सकाळीच वहीत लिहून ठेवलं होतं. पुण्याचे चॅनलवाले ती मॅच ऐकणार होते, हे मला माहीत होतं, तुला नव्हतं. त्यांनी फोनवर विचारलं होतं, खेळाडूची काही गोष्ट आहे का? मी म्हणालो, आहे. पहिल्या डावापासून मी जागा शोधत होतो. तू वाकलास, हॉल शांत झाला, आणि शांततेत आवाज चांगला उठतो म्हणून मी तीच जागा धरली. तिसऱ्या दिवशी मला काम लागलं. हलकटपणा केला, अंगद. दुसरा शब्द मला सापडत नाही.

येत्या रविवारी दुपारी तीनला फायनल आहे. पांढरा कुठंय ते मी दर फटक्याला सांगणार आहे. डाव्या कडेपासून किती विती, वरच्या पॉकेटापासून किती, सगळं. चॅनलवाले ओरडतील की बघणाऱ्याला दिसतंय ते कशाला सांगता. ओरडू देत. खेळाडू वाकला की गप बसेन, ठोका तुझा तुला ऐकू येईल. हे पत्र ऐकल्यावर तू माझा आवाज लावशील असं मला वाटत नाही. लावला नाहीस तरी मला कळणार नाही, मी सांगत राहीन.

खाली खाडाखोड दिसेल. तिथं "तुझा मित्र" असं लिहिलं गेलं होतं. वहिनी, ते वाचू नका.

एके काळी तुझ्या डाव्या हाताला चालणारा,
मच्छिंद्र