खालच्या थराला परस्पर हात

बाबा, परवा ऑफिसात नव्या लोकांना शिकवताना तुझा प्रश्न तुझ्याच शब्दांत माझ्या तोंडून निघाला आणि मीच दचकले. नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं, मला नोकरी लागून वर्षच झालेलं. मी रजेवर आलेय, पेणजवळ जोह्याच्या आपल्या मूर्तींच्या कारखान्यात तू गणपतीला रंगाचा दुसरा हात देतोयस आणि विचारतोयस, तुझं काम तरी काय. मी सांगते: संगणकात फायली ठेवणारी एक व्यवस्था असते, तिच्यावर मी दुसरी चढवतेय. वरची स्वतः काही साठवत नाही, मजकुराला कुलूप घालून खालच्या थराकडे देते. तू ब्रश थांबवतोस. "पन खालच्याला कुनी परस्पर हात लावला, तर वरच्याला कसा कळनार गो?" मी म्हणते, कोण कशाला लावेल? तू नुसतं "व्हय" म्हणतोस.

महिन्याभरात ऑफिसातल्या एकाने लावलाच. त्याने खालची फाईल थेट बदलली, ती लांब झाली. माझा थर मात्र जुनी लांबी लक्षात ठेवून बसलेला. त्या थराने त्यापुढचा मजकूर छाटला आणि उरलेला तसाच जतन केला. माझी नोकरी थोडक्यात वाचली. तरी खरं सांगू, मला त्या चुकीचं नवलच जास्त वाटलं. वरच्याने आपल्या आठवणीवर विसंबायचं नाही, दर वेळी खाली विचारायचं. खालची फाईल उघडून धरली तर काम झाल्यावर आठवणीने सोडायची, नाहीतर वर चढवलेला थर पुन्हा उतरवताच येत नाही. हे सगळं मी ठेचा खात शिकले. कीबोर्डला कधी हात न लावलेल्या तुला ते एका दुपारी कसं सुचलं?

की तू दुसरंच काही विचारत होतास? मी दहावीत असताना रोह्याला जायच्या मूर्तीच्या गालावरचा रंग फुगून सुटला. रंगात भेसळ आहे म्हणून तू पेणच्या रंगवाल्याशी भांडलास, इतक्या वर्षांची दोस्ती तोडलीस आणि शेवटपर्यंत रंगासाठी एसटीने लांब रोह्याला जात राहिलास. रंग चांगला होता, बाबा. माझा धक्का लागून गालाला चीर गेली होती. मी मूर्तीच्या पोकळीत खालून हात घालून ती ओल्या प्लास्टरने बुजवली आणि गप्प बसले. ओल आतून बाहेर आली. कोण कशाला लावेल, असं तुला म्हणताना मला तोच गाल आठवत होता.

तू आता नाहीस, तुला हे पाठवता येणार नाही; निदान त्या रंगवाल्याला वाचून दाखवावं म्हणून हे इथवर लिहून काल पेणला गेले. रंगवाला खूप थकलाय. त्याने मला ओळखलं, तुझी चौकशी करावी तशी आठवण काढली. मी पांढऱ्या रंगाचा एक डबा घेतला आणि हा कागद पर्समधून न काढताच घरी आले.