नावं एक ओळ वर सरकली

मार्च २००३, बुधवार, संध्याकाळ

गाल अजून जळतोय. कुस्ती-मैदानाच्या जोड्या एक्सेलमध्ये होत्या, पत्रक वर्डमध्ये करायचं होतं. तक्ता पानाबाहेर जायला लागला, म्हणून उजवा कॉलम वेगळा कॉपी केला. पहिल्या जोडीतला दुसरा पैलवान ठरायचा होता. तो रिकामा रकाना घ्यायचा राहिला आणि पुढची सगळी नावं एक ओळ वर सरकली. पत्रक तसंच छापून वाटलं गेलं. छापण्याआधी एकदा तपासलं का नाही मी?

आमच्या तालमीतल्या तानाजीनं माझ्या टायपिंगच्या दुकानात घुसून कॉलर धरली. "आपल्याच तालमीतली दोघं समोरासमोर? आपली माणसं मैदानात भिडत न्हाईत, इसरलास व्हय रं?" आणि गिऱ्हाइकांसमोर कानफटात हाणली.

माझीही मूठ वळली होती. पण एकाच मातीत घाम गाळलाय, म्हणून सोडली. एकच ओळ सरकली होती. आपल्या माणसावर चारचौघांत हात टाकत नाहीत. त्यानं टाकला. म्हणजे मी आता तालमीतला उरलो नाही.