टेपवरचा ‘स’

प्रिय भिंगरी,

परवाच तर फोनवर बोललो आणि आज आईचं पत्र, म्हणून दचकू नकोस. अंथरुणाला कुणी खिळलेलं नाही. पण हे फोनवर मला धड सांगता आलं नसतं, मध्येच रडले असते.

घरात व्हॉल्व्हचं खूळ पुन्हा उफाळलंय. रेडिओ दुरुस्तीचं दुकान बंद केल्यापासून बाबांचा सगळा जीव त्यांनी स्वतः बांधलेल्या ॲम्प्लिफायरमध्ये अडकलाय. जेवणाच्या टेबलावर पुठ्ठ्याच्या खोक्यांचा ढीग, प्रत्येकात कापसात निजवलेला काचेचा एकेक व्हॉल्व्ह. दिसायला सगळे सख्खे भाऊ, पण एक लावला की आवाज मऊ येतो, दुसरा लावला की टोकदार. मीठ कुठे ठेवू विचारलं, तर म्हणाले हातात धर.

निवडायची रीत तीच. ते पाठ करून, डोळे मिटून खुर्चीत बसतात. मी मशीन बंद करायचं, व्हॉल्व्ह निवला की फडक्यात धरून उपसायचा, दुसरा बसवायचा, आणि कोणता ते सांगायचं नाही. कळलं की कान पक्षपात करतात म्हणे. हे काम पूर्वी तुझं होतं. कुठला व्हॉल्व्ह गोड यावरून तुम्ही दोघं तासन्‌तास भांडायचात आणि मी चहा गार झाला म्हणून ओरडायचे. मला ते अजूनही कान नसलेली बाईच म्हणतात.

कसोटीची टेपही तीच. शाळेत जायला लागलीस तेव्हा दुकानाच्या स्टुलावर बसून म्हटलेले आकडे. पुढचे दात पडलेले, त्यामुळे ‘सहा’ आणि ‘सात’ म्हणताना शिट्टीसारखा ‘स’. तो स्वच्छ ऐकू यायला हवा, पण टोचता कामा नये. तो जमला की व्हॉल्व्ह पास. मोठमोठ्या गवयांच्या रेकॉर्डी कपाटात धूळ खातायत, आणि हा माणूस तुझ्या पडक्या दातांवर मशीन जुळवतो.

यंदा मात्र एकही पास होईना. आधी म्हणाले, व्हॉल्व्हची जुनी लाडकी जोडी निकामी झाली. मग नवी आणली, मग आणखी टोकदार. आता जे लावलेत त्यांनी माझे कान किटलेत, शेजारच्या मास्तरीणबाई खिडकी लावून घेतात. बाबांचं आपलं एकच, आवाज दबलेला आहे. गेल्या रविवारी मी व्हॉल्व्ह काढला आणि तेवढ्यात दारावरची बेल वाजली. दार उघडून आले आणि गडबडीत काढलेलाच पुन्हा बसवला. टेप सुरू झाल्यावर माझ्या लक्षात आलं. मी सांगणार, तोच बाबांनी मान हलवली. हा पहिल्यापेक्षाही मंद आहे म्हणाले, ‘स’ तर यात नाहीच. मला तो स्वयंपाकघरातही ऐकू आला असता. आणि बेल वाजली होती हेही त्यांना ठाऊक नव्हतं.

दुपारी ते झोपल्यावर मी जुनी जोडी लावून पाहिली. तिला काहीही झालेलं नाही.

तू म्हणतेस, बाबा दोन शब्द बोलून फोन माझ्या हातात देतात, अजून राग धरून बसलेत. दुकान चालवायला तू नाही म्हणालीस तेव्हा ते चिडले होते, खरंय. पण राग केव्हाच विरला गं. तुझा आवाज बारीक, तू काय बोलतेस ते त्यांना कळतच नाही. फोन ठेवला की मला विचारतात, काय म्हणाली ती, जेवते का वेळेवर. आणि मग खोक्यांकडे वळतात.

डॉक्टरांचं नाव काढलं की म्हणतात, कान ठणठणीत आहेत, व्हॉल्व्ह निकामी झालेत. माझं ते ऐकणार नाहीत. त्यांनी आयुष्यात स्वतःशिवाय एकाच कानावर विश्वास ठेवला, तुझ्या. म्हणून हे पत्र. ये. जुनी जोडी बसव, टेप लाव, त्यांचा हात धरून शेजारी बस आणि सांग, ‘स’ आहे, बाबा, होता तिथेच आहे. त्यांना फार जड जाईल, आणि तुलाही. पण मला आता बघवत नाही. तुझा आवाज सापडत नाही म्हणून हा माणूस रोज काच बदलतोय.

तुझीच,
कान नसलेली आई