एक डबा, चार भिडू

३ नोव्हेंबर, सोमवार

ठरलं! डेक मोडायचा, म्हणजे माझा लढाईच्या पत्त्यांचा संच. कॉलेजपासून एकेक पत्ता अदलाबदल करून जमवलेला — राक्षस, जादूगार, उडते घोडे. पुण्यात दर शनिवारी आम्ही मैत्रिणी जमायचो, जी ती आपापला डेक घेऊन. लग्न होऊन परभणीला आले नि खेळच संपला. इथे दुसरा डेक कोणाकडे? आणि एकटीनं काय स्वतःशीच भांडायचं?

म्हणून आता सगळ्या पत्त्यांचा एकच गठ्ठा. मध्ये ठेवायचा, सगळ्यांनी त्यातूनच उचलायचं. कोणाचं काही स्वतःचं नाही, बाहेरून काही आणायचं नाही. घरातलेच चार भिडू तयार! माझा नवरा नचिकेत सेलूच्या बँकेतून आल्या आल्या म्हणाला, "आई खेळेल. बाबांचं विसर." विसरणारी मी नव्हे.

५ नोव्हेंबर, बुधवार

बाबांचं विसर, कारण मामा — माझे सासरे — माझ्याशी बोलत नाहीत. राग नाही हो, रीत! त्यांच्या घरी सासरा सुनेशी थेट बोलत नसे. मी समोर उभी असते आणि ते आत्यांना, म्हणजे सासूबाईंना सांगतात, "तिला म्हणावं, भाजी झक्कास झाली." आत्या मान वळवून मला, "भाजी झक्कास झाली म्हणे." त्याच खोलीत! हसू येतं. खरं सांगायचं तर रडूही येतं. घरातल्या माणसानं आपलं नावसुद्धा घेऊ नये?

८ नोव्हेंबर, शनिवार

पत्ते निवडले. एकसारख्यांतला एकच ठेवला. दुसऱ्या पत्त्याच्या आधाराशिवाय चालत नाहीत ते बाजूला. अग्निसर्प काढला — माझा लाडका! जिवावर आलं. पण तो ज्याच्या हाती लागेल तोच जिंकणार, मग बाकीच्यांनी बसायचं कशाला?

बारीक इंग्रजी आत्यांना दिसत नाही, म्हणून प्रत्येक पत्त्याच्या प्लास्टिकच्या पाकिटात मराठी चिठ्ठी सरकवली. दिवाळीचा चकलीचा डबा रिकामाच होता. सगळं मावलं.

९ नोव्हेंबर, रविवार

पहिला डाव, पहिलाच घोळ! चिठ्ठीवर मी लिहिलेलं, "दोन पानं टाका" — म्हणजे हातातली बाद करा. आत्या जन्मभर मेंढीकोट खेळलेल्या. त्यांनी दोन राक्षस धाडकन मैदानात उतरवले.

"अहो आत्या, टाका म्हणजे फेकून द्या!"

"फेकू कशाला? पान टाकणं म्हणजे खेळणंच की गं! लहानपणापासून टाकायलोत आमी!"

नचिकेत हसून हसून आडवा. तेवढ्यात पेपराआडून मामांचा आवाज, "तिला म्हणावं, शब्द चुकला. 'बाद करा' लिही." शाळेत मराठीचे मास्तर होते ना! म्हणजे लक्ष होतं तर! मी मुकाट्यानं सगळ्या चिठ्ठ्या बदलल्या.

१२ नोव्हेंबर, बुधवार

मामा खेळायला बसले. कोणी न बोलावता!

१६ नोव्हेंबर, रविवार

आज मी नवा नियम काढला. ज्याच्यावर वार करायचा, त्याचं नाव मोठ्यानं घ्यायचं. मुद्दामच काढला. पण मामा माझ्याहून पक्के! माझं नाव घेणार नाहीत, आणि बायकोचं तर त्यांनी जन्मात घेतलेलं नाही. मग सगळे वार एकट्या नचिकेतवर! "बाबा, मीच दिसायलोय का तुमाला?" बिचारा पार चिडला.

आणि मी? मामांचा एक ओरखडा न उठता सगळे डाव जिंकले. पुण्यात अशी जिंकले असते तर नाचले असते. आज डबा आपटूनच बंद केला. मला जिंकायचं नाहीये, मला त्यांच्याशी खेळायचंय!

२३ नोव्हेंबर, रविवार

आज गठ्ठ्यातून एकाऐवजी दोन पानं ओढली. हळूच — पण मामांना दिसतील अशी.

मामा ताडकन उठले. बोट सरळ माझ्याकडे.

"ए स्वरदा! रडी खेळायलीस तू!"

आत्यांनी हातातली पानं खालीच ठेवली. मी म्हटलं, "मुळीच नाही मामा!" धडधडीत खोटं. मग आम्ही दोघं भांडलो. समोरासमोर! मध्ये कोणी नाही.