शून्य पायऱ्यांची वाट

आबा, गेल्या मंगळवारी सकाळी मी ऑफिसात मोठ्याने ओरडलो. मी ओरडणारा माणूस नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. त्या दिवशी एकादशी होती, घरून नुसता चहा घेऊन निघालो होतो, फ्रीवेवर नेहमीची गर्दी होती आणि गाडी पुढे सरकत नव्हती तेवढ्या वेळात मनातल्या मनात नाम चाललं होतं. साडेआठला टेबलाशी बसलो आणि एक कंटाळवाणं काम उघडलं. पायऱ्या मोजायचं. नवव्या मिनिटाला मी ओरडलो. पलीकडच्या टेबलावरची चिनी मुलगी कानातले हेडफोन काढून माझ्याकडे बघायला लागली. मी तिला सांगितलं, "सॉरी, सॉरी, गुड न्यूज," आणि पुन्हा हसायला लागलो. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली, पण त्या क्षणी मला ही बातमी तुम्हालाच सांगायची होती. म्हणून वहीत लिहायला बसलोय. वहीतलं वहीतच राहील, ते मला माहीत आहे.

मी काय काम करतो ते तुम्हाला कधी नीट समजावून सांगितलंच नाही. नकाशे करतो म्हणालो, तेव्हा तुम्ही विचारलं होतं, "म्हणजे तलाठ्यासारखं?" थोडं तसंच आहे. विमानातून खाली लेझरचे किरण सोडतात, ते झाडाझुडपांच्या फटींतून जमिनीपर्यंत पोचतात आणि परत येतात. त्यावरून रानाखालच्या जमिनीचा चढउतार बोटभर फरकाने कळतो. आमचा प्रोग्राम त्या जमिनीवर काय काय आहे ते ओळखतो: हा ओढा, ही भिंत, ही वाट. माणसाने ते तपासून खाली सही करायची. ती सही करणारा मी.

सध्याचं काम पेरू देशातलं आहे. तिथे उंच डोंगरात इंका लोकांच्या एका जुन्या वस्तीचे अवशेष आहेत. सगळं जग फोटो काढायला जातं ती जागा नव्हे, दुसरी, जिथे अजून बस जात नाही. एका सोंडेवर दगडी देवस्थान आहे, आणि खालच्या उतारावर दगडी बांध घालून केलेल्या शेताच्या पायऱ्या, एकाखाली एक, गवताने झाकलेल्या. त्या शेतांच्या मधोमध एका कंपनीला मोठं हॉटेल बांधायचं आहे. दरीवर तार बांधून पाहुण्यांनी तिला लटकत पलीकडे जायचं, असा खेळही आहे. आणि हॉटेलपासून देवस्थानापर्यंत एका "जुन्या पायवाटेने" फिरायला न्यायचं. ती पायवाट आमच्याच नकाशातली, देवस्थानाच्याही वर एका झऱ्यापर्यंत गेलेली. आम्हाला सांगितलं होतं की पाहुण्यांत वयस्कर लोक असतील, तेव्हा वाटेवर कुठे कुठे आणि किती पायऱ्या बांधाव्या लागतील ते काढून द्या. मी आकडे टाकले. प्रोग्रामने उत्तर दिलं: शून्य.

मला वाटलं काहीतरी बिघडलंय. पुन्हा चालवलं. शून्य. एवढ्या उभ्या डोंगरात, तीनतीन दऱ्यांना वळसा घालून जाणारी वाट, आणि एकही पायरी नको? मग मी त्या वाटेच्या उंचीची रेष एका ओळीत मांडून बघितली, आणि आबा, झऱ्याकडून ती एकसारखी खाली येत होती. कुठेही वर जात नव्हती. अगदी थोडी, शंभर पावलांना वीतभर, पण सगळीकडे तेवढीच. मधे एक मोठा खडक आहे, माणूस असता तर त्याच्यावरून सरळ गेला असता, वाट मात्र त्याला लांब वळसा घालून गेली होती. का, तर उतार मोडू नये म्हणून. माझ्या डोळ्यांसमोर तुम्ही आलात, गावाच्या पाण्याच्या पाळ्या राखणारे पाटकरी, धोतराचा काष्टा वर खोवलेले, खांद्यावर फावडं, पाटाच्या कडेने चालताय. पहिलं पाणी सोडलंय. तुम्ही पळसाचं पान पाण्यावर टाकता आणि त्याच्या बरोबरीने चालायला लागता. पान पुढे पळालं की उतार जास्त, पाट खणला जाणार. पान मागे राहिलं की पुढे गाळ आहे. पान आणि पाटकरी बरोबर चालले की सगळं ठीक. मी तुमच्या मागे धावतोय आणि विचारतोय, आबा, पाट सरळ का नाही नेला, एवढा वळसा कशाला? तुम्ही मागे न बघता म्हणता, "पानी वर चढस का रे, भाऊ?"

ती वाट नाहीच. तो पाट आहे. वरच्या झऱ्यापासून देवस्थानापर्यंत आणि तिथून शेतांत उतरणारा. मी तिथेच ओरडलो.

आणि मग आठवलं, तिला वाट म्हणून सही मीच केली होती. दोन महिन्यांपूर्वी, शुक्रवारी, मुलीला महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमाला पोचवायचं होतं, घाईत होतो. पण खरं सांगायचं तर घाई नसती तरी मी तेच केलं असतं. आपल्या गावात पाटाच्या कडेनेच तर वाट असते. दहावीपर्यंत मी त्याच वाटेने शाळेत गेलो, तिच्यावर सायकल शिकलो, एकदाही उतरून ढकलावी लागली नाही आणि ती का लागत नाही असा प्रश्न कधी पडला नाही. पायाखाली ओळखीचं वाटलं ते नकाशात बघितलं आणि बरोबर म्हणून टाकलं. दुसऱ्या कोणाला कदाचित शंका आली असती. पाटकऱ्याच्या मुलाला आली नाही.

माझा मॅनेजर नागपूरचा आहे, माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान. कॉफी घेऊन आला. मी त्याला खुर्चीत बसवून सगळं दाखवलं. त्यालाही मजा वाटली, खोटं कशाला बोलू. "अरे बापरे, काय भारी आहे यार हे!" म्हणाला. मग त्याचा कप अर्ध्यातच थांबला.

"म्हणजे तू आता काय करून राहिला, भाऊ?"

"दुरुस्ती पाठवणार. शुक्रवारी तिकडे हॉटेलच्या परवानगीची सुनावणी आहे."

"फुटनोट टाक ना. पुढच्या व्हर्जनमध्ये."

"फुटनोट कोण वाचतं?"

"तेच तर म्हणून राहिलो बे!"

आम्ही दोघंही हसलो, पण तो हसत हसतच उठून गेला. त्याचं बरोबरच होतं. वाट असली तर तिची डागडुजी करून वापरायला कोणाची हरकत नसते. पाण्याचं जुनं बांधकाम निघालं, तर झऱ्यापासून शेवटच्या शेतापर्यंतचा सगळा उतार अवशेषांच्या हद्दीत घ्यावा लागेल, म्हणजे हॉटेलला जागाच उरणार नाही. आणि हॉटेलवालेच आम्हाला काम देणारे. त्यांच्या अर्जात माझं नाव छापलंय, "स्वतंत्र तज्ज्ञ" म्हणून. इकडे आमचं ग्रीन कार्ड अजून रांगेतच आहे. नोकरी गेली तर साठ दिवसांत दुसरी शोधायची, नाहीतर सामान बांधायचं. मुलगी अकरावीत आहे.

मला आधी खात्री हवी होती. हॉटेलला हरकत घेणाऱ्यांत तिथल्याच एक बाई आहेत, जुन्या अवशेषांचा अभ्यास करणाऱ्या. त्यांचा एक ईमेल महिनाभर माझ्याकडे पडून होता. "त्या पायवाटेबद्दल आपल्याशी बोलता येईल का?" असं विचारलं होतं. मी उत्तर दिलं नव्हतं. बुधवारी सकाळी त्यांना व्हिडिओ कॉल लावला. आमच्याकडचे आकडे त्यांना सांगायचे नाहीत असं मी मनाशी ठरवलं होतं. फक्त एकच विचारलं, "ती वाट कोणी साफ करतं का? वर्षातून एकदा, सगळ्यांनी मिळून, गाळ काढायला?"

बाई इतक्या जोरात हसल्या की मागच्या खोलीतून कोणीतरी डोकावलं. वरचा भाग रानात गाडला गेलाय, म्हणाल्या, पण खालच्या टोकाला अजून थोडं पाणी येतं, आणि खालचं गाव पेरणीआधी दरवर्षी तेवढा भाग साफ करतं. घरटी एक माणूस. फावडी घेऊन, गाणी म्हणत. आधी झऱ्याला पानं आणि फुलं वाहतात. पाण्यावर लक्ष ठेवायला गावाने निवडलेला एक माणूस असतो, तो सगळ्यांच्या पुढे चालतो. "पण वाट साफ करतात का, असं मला आजवर कोणी विचारलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "तुम्हाला हे कसं सुचलं?"

मी म्हणालो, आमच्याकडे गाळ काढायच्या आधी नारळ फोडतात. मला तुम्ही दिसायला लागलात. बंधाऱ्यावर तुम्ही हळदकुंकू वाहताय, तुमचे ओठ हलताहेत, आणि मी विचारतोय की नदीला काय सांगितलंत. तुम्ही म्हणता, काही मागितलं नाही, नुसतं आलोय म्हणून सांगितलं. माझी देवपूजा अजून तेवढीच आहे आबा. आलोय म्हणून सांगतो.

त्या दिवसापासून मला बसवत नाही. घरात येरझारा घालतोय. जेवताना ताटात भाताचा डोंगर करून वरणाचा पाट काढून दाखवला, तर मुलगी म्हणाली, "बाबा, यू आर बीइंग सो वीअर्ड," पण मग स्वतःच चमचा घेऊन विचारायला लागली, "ओके, सो व्हेअर डझ द वॉटर गो?" मी दाखवलं. आधी देवाकडे, मग सगळ्यात वरचं शेत, मग त्याखालचं. दगडी बांधांच्या आत खडी, वाळू आणि माती असे थर असतात, जास्तीचं पाणी त्यांतून झिरपून खालच्या पायरीत जातं. मधे हॉटेलचा पाया खणला तर नुसतं तेवढंच तुटणार नाही, पाणी भलतीकडून निघेल आणि दोनचार पावसाळ्यांत खालचे बांध ढासळतील. ती ऐकत राहिली. आजोबा काय काम करायचे, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

तरी गुरुवारी संध्याकाळपर्यंत मी दुरुस्ती पाठवली नव्हती. पत्र तयार होतं, नकाशा तयार होता, पाट निळ्या रंगात काढला होता, पण बटण दाबलं नव्हतं. देवासमोर बसलो होतो, तेव्हा बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "तीन दिवस देवालाच सांगताय. त्याला कळलं असेल आता. ज्यांना कळलं नाहीये त्यांना सांगा की."

"साठ दिवस, माहितीये ना तुला?"

"मोजता येतात मला. आणि तुम्हाला असं हसताना मी मुलगी झाली तेव्हा बघितलं होतं. तेही मोजते मी."

रात्री लवकर झोपलो, पण झोपायच्या आधी तो सातवीतला दिवस आठवला. तुम्ही बंधाऱ्यावर गेला होतात. आपल्या गव्हाचा कोपरा सुकत चालला होता, पाळीला दोन दिवस होते, आणि मी दुपारी कोणी नाही बघून शेजारच्या शेताचं तोंड बंद करून आपलं उघडलं. वाटलं, पाटकरी आपल्याच घरातला, कोण विचारणार? तुम्ही परत आलात, ओल्या मातीकडे बघितलंत आणि मला मारलं नाहीत. हाताला धरून नेलंत ते थेट लिंबाखाली, जिथे फडातली, म्हणजे एका पाटावर भिजणाऱ्या शेतांची, सगळी माणसं बसायची. कोणाला काही कळलं नव्हतं. तुम्ही उभे राहून म्हणालात, "आज पाळी मोडली. माझ्या घरातून मोडली." लोक म्हणत होते, जाऊ द्या आबा, लहान आहे. तुम्ही आमची पुढची पाळी शेजाऱ्याला दिलीत. तो कोपरा वाळला. तो वाळलेला कोपरा मी शाळेत जाता-येता महिनाभर बघत होतो आणि तुमच्यावर चिडत होतो. कोणाला कळलं नव्हतं, मग सांगायची काय गरज होती? हे मी पुढे कितीतरी वर्षं मनात धरून होतो.

आज शुक्रवार. पहाटे उठून स्नान केलं, दिवा लावला, आणि सहा वाजता लॅपटॉप उघडला. मॅनेजरला आधी मेसेज टाकला की मी पाठवतोय, माझ्या एकट्याच्या नावाने, चूक माझी आहे असं लिहून. त्याचं लगेच उत्तर आलं, झोपला नसावा बिचारा: "मी नाही म्हणून नाही राहिलो. हो असंही म्हणून नाही राहिलो. नकाशा एकदा नीट चेक कर, स्केल चुकला तर ते तुला फाडून खातील." मी चेक केला. स्केल बरोबर होता.

सुनावणीच्या कार्यालयाचा एक फॉर्म होता. आधी केलेल्या सहीत काय बदल आहे, ते लिहिलं. पायवाट नाही, पाण्याचा पाट, मी ओळखायला चुकलो, जुनी सही मागे घेतो. शेवटी एक चौकट होती: या विषयातलं आपलं ज्ञान कशावर आधारलेलं आहे? मी सवयीने पदव्या लिहिल्या, नोकरीची वर्षं लिहिली. मग थांबलो.

आबा, एक कबूल करायचं आहे. कॉलेजच्या प्रवेशापासून इथल्या व्हिसापर्यंत जितके फॉर्म भरले, त्या सगळ्यांत वडिलांच्या व्यवसायापुढे मी "शेतकरी" लिहिलं. पाटकरी असं एकदाही लिहिलं नाही. गावच्या पाण्यावर राखणीला बसणारा माणूस, हे मला शहरातल्या पोरांसमोर सांगवत नव्हतं. तुम्ही विचारलंतही नाहीत कधी.

मी पदव्या खाली ढकलल्या. वर पहिल्या ओळीत इंग्रजीत लिहिलं की माझे वडील आमच्या गावात चाळीस वर्षं पाटकरी होते आणि उतार ओळखायला मी त्यांच्या मागे चालून शिकलो. पाटकरी हा शब्द तसाच ठेवला. मग पाठवलं.