काशीच्या चरख्याची मोटर

४ फेब्रुवारी १९९६
माझ्या हातांनी केलेलं: दोन बँडचा रेडिओ. पाण्याची टाकी भरली की वाजणारी घंटी. बॅटरी चार्जर — अजून चालतो! शिकवलं कुणीच नाही. आता बायकोच्या, काशीच्या, बॉबिन भरायच्या चरख्याला मोटर. हात फिरवून फिरवून तिचा उजवा खांदा कामातून गेलाय. भंगारातून गाडीच्या वायपरची मोटर आणली, बारा व्होल्टची; घरच्या विजेवर चालवायला ट्रान्सफॉर्मर आणि डायोडही.

११ फेब्रुवारी
लूमच्या खात्यातून, म्हणजे कारखान्यातून, आलो तेव्हा पाय उचलत नव्हते. तरी बसलो. तीन पिनांचा प्लग, अर्थिंगची तार ट्रान्सफॉर्मरच्या पत्र्याला. स्विच फेजवरच — न्यूट्रलवर टाकला तर बंद करूनही आत करंट राहतो, पण इथं बघतो कोण! मोटरच्या प्लस तारेत चार अँपिअरचा फ्यूज. काशी लांबूनच — "माले भ्याव वाटस." शेवटी बसली. मग उठेचना!

१३ फेब्रुवारी
दोरा गुंतला, मोटर अडली, फ्यूज उडाला. उडायलाच हवा.

१७ फेब्रुवारी
घरात शिरलो तर जळका वास. मी नसताना फ्यूज पुन्हा उडाला, आणि मेहुणा भटू — आमच्याच खात्यात फिटर — काचेच्या फ्यूजवर तांब्याची तार गुंडाळून गेला. खात्यात सगळीकडे हेच. लूम थांबला की पगार थांबतो, म्हणून फ्यूज उडूच द्यायचा नाही. दोरा परत अडला, वायर वितळली, काशीचा तळहात भाजला. भटू म्हणे, "दाजी, आते उडाव नही अशी तार टाकेल व्हती!" कानाखाली द्यावीशी वाटली. अंगात तेवढं त्राण नव्हतं.

२५ फेब्रुवारी
वायरिंग सगळी नवी. फ्यूज पत्र्याच्या डब्यात, वर स्क्रू. काशी पट्टी बांधलेल्या हातानं पुन्हा बसली. बसेल असं वाटलं नव्हतं.

३ मार्च
जरीवाले छगनभाई कतारगामहून आले. घरोघरी बायांना बॉबिन भरायला देतात, काशीलाही. मशीन बघतच राहिले. "नागनाथभाई, तमे तो एन्जिनियर छो!" असे चाळीस नग हवेत. ते गेल्यावर काशी म्हणाली, "आते खातं सोडा. तुमना गुडघा तरी वाचतीन."

४ मार्च
अठरा वर्षं लूमपाशी उभा आहे. आज पाळीत मनातल्या मनात शेवटचा लूम बंद केला.

७ मार्च
छगनभाईंची एकच अट — फ्यूज नको. उडाला की बाया बसून राहतात, माल अडतो. "सीधो तार नाखी दो ने!" म्हणजे फ्यूजच्या जागी थेट तार. नाही म्हणून आलो. चाळीस नग, अडतीस हजार रुपये.