दोघींले सारखं दिसलं

चांदा, गुरुवार, १९५४

माझ्या कमलले बंद केलेलं मीठ आज पुन्हा सुरू झालं! मूत्रपिंडाच्या दुखण्यानं पोरीचं तोंड किती सुजलं होतं. मागच्या आठवड्यात दवाखान्यात थोरल्या डॉक्टरीणबाईंनी तिची उकळलेली लघवी काचनळीत पाहिली. "साफ आहे, घरी न्या." धाकट्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मले गढूळ दिसून राह्यलं, म्हणजे दुखणं अजून आहे." मले रागच आला त्यांचा. पण थोरल्या चिडल्या नाईत. "दोघींले सारखं दिसू दे," म्हणून पोरीले ठेवून घेतलं. दुसऱ्याच दिवशी तिचे डोळे पुन्हा सुजले. घरी नेली असती तर?

आज दोघींनी नवी नळी पाहिली, एकमेकींले न सांगता. दोघीही म्हणाल्या, साफ. मी थोरल्यांचे पाय धरले.

"माझे काऊन? तिचे धरा," त्या हसल्या.

धाकट्यांनी पाय मागं घेतले अन् कमलले कडेवर उचललं.